सातबाऱ्यावर नसलेली झाडे

कुडाळ तालुक्यातील काही गावांचा आर्थिक विकास आराखडा तयार करण्याचे काम आमच्या गटाकडे होते. गावात जे आधीपासून पिकते आणि जे हाताळायची कला लोकांच्या अंगात आहे, त्यावरच पुढची उभारणी करायची, असे धोरण ठरले होते. मात्र गावात काय पिकते हे पाहायला आपण पहिल्यांदा सातबारा उघडतो, आणि या गावांचे सातबारे आंबा, काजू आणि भात यांपलीकडे फारसे काही सांगत नव्हते. रोजगार हमी योजनेशी जोडलेली फळबाग लागवड 1990 पासून सुरू झाली आणि तिने कोकणातले डोंगरउतार कलमांनी भरून टाकले, त्याची नोंद झाली हे योग्यच होते. कोकम मात्र कागदावर जवळजवळ नव्हतेच, कारण ते कुणी बाग म्हणून लावलेले नव्हते. ते परसात होते, गडग्याला म्हणजे दगडी कुंपणाला होते, व्हाळाच्या म्हणजे ओढ्याच्या काठाला आपसूक रुजलेले होते.

मेअखेरीस एका वाडीत बैठक ठेवली होती. एका विश्वस्त मंडळाच्या प्रतिनिधींनी औद्योगिक वसाहतीत मोठा फळप्रक्रिया कारखाना उभारण्याची सूचना मांडली होती आणि तिच्यावर वाडीचे मत घ्यायचे होते. सतरंजीवर पुरुष मंडळी बसली होती, बायका मागच्या खळ्यात रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, फोडत होत्या. चर्चा रंगात आली असताना आभाळ भरून आले आणि खळ्यातल्या सगळ्या जणी एकदम उठून चटया ओढू लागल्या. आम्हीही धावलो. मीठ घातलेल्या रसात बुडवून वाळत घातलेली सालं ओली होऊ द्यायची नव्हती. त्या सालांना पुट द्यावे लागतात, म्हणजे रसात बुडवायचे, वाळवायचे, पुन्हा बुडवायचे, असे करत करत काळपट जांभळे आमसूल तयार होते. शेवटच्या पुटाला आलेल्या मालावर एक सर पडली की आठवडाभराची मेहनत वाया जाते आणि बुरशी धरली तर तो माल कोणीही घेत नाही.

पाऊस थांबेपर्यंत पडवीत उभ्या असताना एका काकींना मी कारखान्याबद्दल विचारले. त्यांची बोटे रसाने जांभळी झाली होती. त्या म्हणाल्या, "मॅडम, कारखानो होतलो तेवा होतलो, आदी सोलां सुकवूक काय तरी करा. भिरंडां झाडार आसत, पण पाऊस इलो की सगळी चिखलात."

भिरंडां म्हणजे रातांबेच. कोकमाच्या अर्थकारणाची खरी अडचण त्या वाक्यात होती. फळ एप्रिलमध्ये पिकायला लागते, पण पुष्कळ झाडांचा मोठा बहर मे संपता संपता हाती येतो, आणि नेमका तेव्हाच मोसमी पाऊस दारात असतो. म्हणून घाईघाईने ताजे फळ व्यापाऱ्याला देऊन टाकायचे, तो सांगेल त्या भावाला, हाच पर्याय उरतो. कारखाना पुढच्या पाच वर्षांत कितीही मोठा झाला तरी पावसाचा हा पेच सुटणार नव्हता. तो वाडीतच सोडवावा लागणार होता.

मग बैठक पडवीतच भरली आणि या वेळी बायका पुढे बसल्या. प्रत्येकीने आपल्या घरची झाडे सांगायची आणि आम्ही ती वहीत लिहायची, असे ठरले. कुठले झाड लवकर धरते, कुठले पावसात सापडते, कुठल्याची साल जाड, हे त्या न अडखळता सांगत होत्या. नर झाडे किती, याची गणतीही त्यांनीच सुचवली. कोकमात नर आणि मादी झाडे वेगळी असतात. बी रुजवले तर निम्म्याच्या आसपास रोपे नर निघतात, आणि फुलावर येईपर्यंत ते कळत नाही, त्यात सहासात वर्षे जातात. म्हणून पुढच्या लागवडीला कलमेच घ्यायची, आणि तीही दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने निवडलेल्या 'कोकण अमृता'ची, कारण तिची बरीचशी फळे पावसाआधी हाती येतात, हे आम्ही तिथेच पक्के केले.

बियांचा विषय मात्र मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. फोडलेल्या फळांच्या बियांचा ढीग खळ्याच्या कोपऱ्यात पडला होता. काही घरांत अजून त्यांचे मुठेल करतात: बिया वाळवून, कुटून पाण्यात उकळायच्या, वर आलेली चरबी काढून तिच्या मुठीने वड्या वळायच्या, आणि थंडीत टाचांच्या भेगांना लावायच्या. बीच्या वजनाच्या जवळपास चौथा हिस्सा तेल निघते, ते साध्या तापमानाला घट्ट राहते आणि त्वचेच्या मलमांना, साबणांना त्याची मागणी आहे. घरोघरी एकेक टोपली बी असताना त्याला किंमत नाही. पंचक्रोशीची बी एका जागी आली तर घाणा चालवणे परवडते. आगळ, म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला रस, आणि आमसूल यांना मात्र बाजार शोधत फिरण्याची गरज नव्हती. मे महिन्यात गावी आलेला प्रत्येक चाकरमानी मुंबईला परतताना पिशवीतून तेच नेतो. भौगोलिक निर्देशांकाचे मानांकन 2016 मध्ये सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला मिळाले, तरी त्या पिशवीवर नाव-गाव काही नसते.

आराखड्यात आम्ही तीन-चार वाड्यांमागे एक वाळवण शेड लिहिली. नुसते सौर वाळवणयंत्र ढगाळ हवेत उपयोगी पडत नाही, म्हणून नारळाची सोडणे, करवंट्या आणि लाकूडफाटा यांवर चालणारी भट्टी जोडीला धरली. बियांचे संकलन बचतगटांकडे दिले.

खरी कसोटी अर्थसाहाय्य मागताना लागली. पिकाची नोंद सातबाऱ्यावर दाखवा, असे एका कार्यालयाने सांगितले. इथले सातबारे सामाईक, त्यांवर वीस-पंचवीस चुलत्यांची नावे, त्यांतले निम्मे मुंबईत, आणि ज्या बाईने झाड जपले तिचे नाव त्यांत क्वचितच. ई-पीक पाहणीच्या ॲपवर बांधावरची झाडे नोंदवण्याची सोय आहे, म्हणून त्या पावसाळ्यात बचतगटांच्या मुली मोबाइल घेऊन घरोघर फिरल्या आणि काकींनी मोजलेली झाडे त्या नोंदीत आली. सामाईक हिस्सेदारांच्या संमतिपत्रांसाठी मुंबईतल्या नातेवाइकांना फोन झाले. काहींनी लगेच सही पाठवली, काहींनी शंका काढल्या, एका घराने अजून उत्तर दिलेले नाही. पहिल्या शेडची जागा त्यामुळे व्हाळाकडून शाळेच्या मागच्या गावठाणात हलवली आहे आणि तिथे जोत्याचे दगड येऊन पडले आहेत.