सही दिसते, पण सेव्ह होत नाही

सप्टेंबरअखेर म्हणजे सीएंच्या ऑफिसात श्वास घ्यायला वेळ नसतो. टॅक्स ऑडिटची मूळ मुदत ३० तारखेची, आणि तिच्या तोंडावरच बेळगावात टिळकवाडीतल्या एका ऑफिसातून सकाळी फोन आला. उद्यमबागेतल्या वर्कशॉपांचे, निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्यांचे ताळेबंद डिजिटल सहीविना अडकले होते. फोनवरच्या आर्टिकल (सीएकडं उमेदवारी करणाऱ्या) मुलीनं एका वाक्यात सांगितलं, "सर, पिन घेतंय, सहीचा चौकोन पण येतोय, पण सेव्ह होईना झालंय."

मांडणी नेहमीची होती. एक विंडोज सर्व्हर, त्यावर डेटाचं वेगळं ड्राइव्ह, त्यातलं एक फोल्डर शेअर केलेलं, आणि सगळ्या कॉम्प्युटरांवर ते झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेलं. आर्टिकल मुलं ताळेबंद तयार करून पीडीएफ झेडवर ठेवतात. साहेब, म्हणजे सीए, आपल्या टेबलावर यूएसबी टोकन (डिजिटल सहीची किल्ली ठेवलेला पेनड्राइव्हसारखा तुकडा) लावून ती फाइल पीडीएफ रीडरमध्ये उघडतात, सही करतात आणि त्याच नावानं सेव्ह करतात. इथंच अडत होतं. जुन्या फाइलवर लिहू का, हो, आणि लगेच संदेश: डॉक्युमेंट सेव्ह होऊ शकलं नाही, फाइल रीड-ओन्ली असेल किंवा दुसऱ्या कुणीतरी उघडली असेल. फोल्डरमध्ये मागं एखादी टीएमपी, म्हणजे तात्पुरती, फाइल पडलेली, मूळ पीडीएफ जशीच्या तशी, बिनसहीची.

मी पोचेपर्यंत तिथं बरंच करून झालं होतं. टोकनचा ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला होता. रीडरमधला प्रोटेक्टेड मोड (धोकादायक पीडीएफपासून बचाव करणारा) बंद केला होता. नोटपॅडनं झेडवर एक फाइल सेव्ह करून 'परमिशन बरोबर आहे' असा निर्वाळाही दिला गेला होता. अ‍ॅडमिनच्या लॉगिननं सही केली तर होत होती. डेस्कटॉपवर फाइल घेऊन केली तरी होत होती. आणि सगळ्यांना चक्रावून टाकणारी गोष्ट ही, की साहेबांच्या स्वतःच्या लॉगिननं झेडवरच्याच काही फायली व्यवस्थित सेव्ह होत होत्या, काही होत नव्हत्या.

डेस्कटॉपवर होतंय म्हणजे टोकन, पिन, सर्टिफिकेट हे सगळं ठीक आहे. त्या वाटेला पुन्हा जायचं कारणच नाही. टोकनची अडचण असती तर संदेश वेगळा आला असता. 'कीसेट डझ नॉट एक्झिस्ट' आणि सोबत २१४८०७३४९४ हा आकडा, अशा धर्तीचा. इथला संदेश फाइल लिहिण्याबद्दल होता, म्हणून शोध सर्व्हरच्या बाजूला घ्यायचा.

डिजिटल सही आणि सेव्ह ही एकच क्रिया आहे, हे इथं लक्षात घ्यावं लागतं. स्क्रीनवर दिसणारा चौकोन ही सही नव्हे. सही झालेली पीडीएफ टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून शेवटाकडे शोधलं तर 'बाइटरेंज' या शब्दापुढं चार आकडे दिसतात. समजा, ०, ८४०१२, १००३९८, ५२१०. अर्थ असा: सुरुवातीपासून ८४०१२ बाइट घ्या, मग थेट १००३९८व्या बाइटपासून पुढचे ५२१० घ्या, आणि या दोन तुकड्यांचा मिळून हॅश, म्हणजे गणितानं काढलेला छोटा ठसा, काढा. मधली १६३८६ बाइटची जागा मोकळी सोडलेली असते. टोकनमधून आलेली सही त्या जागेत हेक्स अक्षरांत भरली जाते. म्हणजे आधी सगळी फाइल लिहून तयार हवी, तिचे बाइट मोजलेले हवेत, तेव्हाच सही भरता येते. सेव्ह फसलं तर सही झालीच नाही. मूळ फाइलवर अर्धवट सही उरत नाही, हे चांगलंच आहे.

पहिल्यांदा सर्व्हरवर कॉम्प्युटर मॅनेजमेंट, शेअर्ड फोल्डर्स, ओपन फाइल्स ही यादी उघडली. संदेशात 'दुसऱ्या कुणीतरी उघडली असेल' असं म्हटलंय तर ते आधी खरं-खोटं करावं. एक फाइल खरंच एका आर्टिकलच्या नावावर उघडी दिसली. त्यानं ती उघडली नव्हती, फक्त एक्सप्लोररमध्ये तिच्यावर क्लिक करून ठेवलं होतं आणि उजवीकडं प्रीव्ह्यू पेन चालू होता. प्रीव्ह्यू दाखवायला विंडोज ती पीडीएफ उघडून धरते. अल्ट आणि पी दाबून पेन बंद केला आणि ती फाइल सुटली. बाकीच्या अडकलेल्या फायली मात्र यादीत कुठंच नव्हत्या, म्हणजे लॉक हे त्यांचं कारण नव्हतं.

मग झालेल्या आणि न झालेल्या फायली शेजारी शेजारी लावून पाहिल्या. आकार, नाव, पानं, कशातच फरक नाही. एक्सप्लोररमध्ये 'ओनर'चा (फाइलच्या मालकाचा) कॉलम चालू केला आणि चित्र स्पष्ट झालं. सेव्ह होणाऱ्या सगळ्या फायलींचा ओनर साहेब स्वतः, न होणाऱ्यांचा कुणीतरी आर्टिकल. मुलीला विचारलं तर म्हणाली, "माझ्या फायली माझ्या टेबलावर होतात की सर. साहेबांच्याकडं गेल्या की होईनात."

खात्री करायला साहेबांच्या कॉम्प्युटरवर कोणता प्रोग्राम कुठल्या फाइलला काय करतो हे दाखवणारा प्रोसेस मॉनिटर चालवला, फिल्टरमध्ये रीडरची प्रोसेस आणि झेडवरचं ते फोल्डर एवढंच ठेवलं आणि सही करायला सांगितलं. टीएमपी फाइल तयार झाली, तिच्यात लिहिणंही यशस्वी. पुढं तीच फाइल मूळ नावावर बसवण्यासाठी 'सेट रीनेम इन्फर्मेशन फाइल', आणि त्यासमोर 'अ‍ॅक्सेस डिनाइड'. जुन्या फाइलच्या जागी नवी बसवायची तर जुनी काढावी लागते, आणि विंडोजच्या हिशेबात ते डिलीटच.

फोल्डरच्या प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, अ‍ॅडव्हान्स्डमध्ये जाऊन 'इफेक्टिव्ह अ‍ॅक्सेस' या टॅबवर साहेबांचं नाव घातलं. वाचणं, लिहिणं, नवी फाइल करणं, सगळ्यांपुढं हिरवी खूण. 'डिलीट' आणि 'डिलीट सबफोल्डर्स अँड फाइल्स' यांपुढं लाल फुली. विंडोजमध्ये फाइल काढायला या दोहोंपैकी एक तरी लागतं: त्या फाइलवर डिलीट, नाहीतर वरच्या फोल्डरवर दुसरं. इथं स्टाफच्या गटाला दोन्ही नव्हती. चौकशी केली तेव्हा कळलं, पूर्वी एका ग्राहकाचं अख्खं फोल्डर कुणाच्या तरी हातून उडालं होतं. नेटवर्क ड्राइव्हवरून डिलीट केलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही, ती थेट जाते. म्हणून सावधगिरी म्हणून डिलीटचे हक्क काढले गेले. हेतू अगदी रास्त होता.

पण डेटा ड्राइव्हवर 'क्रिएटर ओनर' नावाची एक नोंद आधीपासून असते, तिच्याकडं कुणी पाहिलं नव्हतं. तिच्यामुळं जो फाइल तयार करतो त्याला त्या फाइलवर पूर्ण हक्क मिळतात, डिलीटसकट. म्हणून साहेबांनी केलेल्या फायलींवर साहेबांची सही बसे, आर्टिकलच्या फायलींवर बसत नसे. नव्या नावानं सेव्ह केलं तरी चाले, कारण ती फाइल साहेबांच्या नावावर जन्मते. अ‍ॅडमिनला सगळेच हक्क, त्यामुळं त्याच्या लॉगिनमधली चाचणी काहीच सांगत नाही. आणि नोटपॅड त्याच फाइलमध्ये जागच्या जागी लिहितं, अदलाबदल करत नाही, त्यामुळं त्याला डिलीटचा हक्क लागतच नाही. शेअर ड्राइव्ह तपासायला नोटपॅड वापरू नका, हे मी कळकळीनं सांगतो. तपासायचंच असेल तर दुसऱ्या माणसानं केलेल्या फाइलचं नाव बदलून पाहा.

डेस्कटॉपवर सही करून फाइल झेडवर टाकायची, हा उपाय ऑफिसात सुरू झाला होता. तो तातडीनं थांबवला. त्यात एकाच नावाच्या दोन प्रती फिरतात, आणि झेडवरची बिनसहीची प्रत मेलला जोडून बँकेला जाते.

दुरुस्तीत शेअरच्या हक्कांना हात लावायची गरज नव्हती, तिथं 'चेंज' होतंच. शेअरचे हक्क आणि एनटीएफएसचे (ड्राइव्हवरच्या फाइल-फोल्डरचे स्वतःचे, सिक्युरिटीमधले) हक्क यांत जे कडक असेल ते लागू होतं, आणि अडवत होतं ते एनटीएफएस. 'सहीसाठी' असं एक फोल्डर केलं आणि तिथं स्टाफच्या गटाला 'मॉडिफाय' दिलं. त्यात डिलीट येतं. 'सही झालेले' असं दुसरं केलं, तिथं स्टाफला फक्त वाचायचा हक्क. फायली तिथं हलवण्याचं काम एका जबाबदार माणसाकडं दिलं. फोल्डर उडण्याची भीती खरी होती, म्हणून सर्व्हरच्या डेटा ड्राइव्हवर शॅडो कॉपी (ठरल्या वेळी फायलींची त्या क्षणाची प्रत राखणारी सोय) चालू केली. तिचं मूळ वेळापत्रक सोमवार ते शुक्रवार सकाळी ७ आणि दुपारी १२ असं असतं, आणि एका ड्राइव्हवर जास्तीत जास्त ६४ प्रती राहतात. चुकून गेलेली फाइल फोल्डरवर राइट क्लिक करून 'प्रीव्हियस व्हर्जन्स'मधून परत आणता येते. शॅडो कॉपी त्याच सर्व्हरवर असते, डिस्क गेली तर तीही जाते. म्हणून बाहेरच्या डिस्कवरचा रोजचा बॅकअप वेगळा लावला. रीडरमधला प्रोटेक्टेड मोड पुन्हा चालू केला. तो या सगळ्यात निर्दोष होता, आणि रोज मेलवरून अनोळखी पीडीएफ उघडणाऱ्या ऑफिसात तो बंद ठेवणं मला अजिबात मान्य नाही.

एवढं झाल्यावर नव्या फायलींवर सह्या भराभर होऊ लागल्या, पण जुन्या फोल्डरमधून ओढून आणलेल्या फायली अजून अडत होत्या. एकाच ड्राइव्हवर फाइल हलवली की ती जुने हक्क सोबत घेऊन येते. कॉपी केली तरच नव्या फोल्डरचे हक्क घेते. कमांड प्रॉम्प्टवर आयकॅकल्स या हक्क बदलायच्या कमांडला 'सहीसाठी'चा पत्ता, त्याच्या शेवटी \* जोडून (नाहीतर त्या फोल्डरला दिलेलं 'मॉडिफाय'ही पुसलं जातं), देऊन रीसेट आणि टी हे दोन स्विच लावले, तेव्हा आतल्या सगळ्या फायलींनी वरच्या फोल्डरचे हक्क घेतले. ही कमांड देण्याआधी आत कुणा एकासाठी मुद्दाम दिलेले हक्क नाहीत ना, हे बघून घ्यावं. ते पुसले जातात.

शेवटी एक खानापूरकडच्या पतसंस्थेची फाइल उरली. तिचं कारण पूर्ण निराळं निघालं. संस्थेचं लांबलचक नाव फोल्डरला, तेच पुन्हा आतल्या फोल्डरला, तेच पुन्हा फाइलला, आणि शेवटी ऑफिसच्या सवयीनं जोडलेला 'साइन्ड' हा शब्द. सगळा पत्ता २६० अक्षरांच्या पलीकडं जात होता. आतल्या फोल्डरचं नाव तोडून नुसतं '२०२४-२५' केलं, साहेबांनी पिन घातला, फाइल सेव्ह झाली. ती बंद करून आर्टिकलच्या कॉम्प्युटरवरून पुन्हा उघडली, सिग्नेचर पॅनेलमध्ये सहीनंतर बदल नाही अशी नोंद पाहिली, आणि मागं पडलेल्या टीएमपी फायली अ‍ॅडमिनच्या लॉगिननं काढून टाकल्या.