कर्मवीर जयंती आणि माझे आजोळ

सातारा जिल्ह्यातील रयत शिक्षण संस्थेच्या शाळेत शिकलेल्या माणसाला २२ सप्टेंबर ही तारीख वेगळी सांगावी लागत नाही. १८८७ साली याच दिवशी कुंभोज येथे संस्थेचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म झाला, आणि आमच्या शाळेत त्यांची जयंती हा वर्षातला सर्वांत मोठा दिवस असे. सकाळी लेझीम पथकासह गावातून मिरवणूक निघे, दुपारी पटांगणात भाषणे आणि बक्षीस समारंभ होई, आणि या साऱ्याची तयारी शाळेइतकीच माझ्या आजोळच्या घरातही चाले.

वडील मुंबईत माथाडी काम करीत असल्यामुळे कोरेगाव तालुक्यातील आजोळी राहून माझे शिक्षण झाले. मिरवणुकीच्या आदल्या रात्री मामी माझा पांढरा सदरा नीळ घालून वाळवून ठेवी आणि पहाटे तांब्यात निखारे भरून त्याने सदऱ्याला इस्त्री करी. तिची स्वतःची मुले त्याच शाळेत होती; पण सदऱ्यांच्या त्या रांगेत माझा सदरा कधीही शेवटचा नसे, हे मला त्या वयातही कळत होते.

भाषण मात्र थोरल्या मामांकडे असे. सातवीनंतर त्यांची शाळा सुटली होती, तरी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी संस्था कशी स्थापन झाली, निरनिराळ्या जातींची मुले वसतिगृहात एका पंगतीला कशी बसू लागली, हे ते धार काढता काढता मला सांगत आणि मी गोठ्याच्या दारात उभा राहून ते मोठ्याने म्हणून दाखवीत असे. "मागं बसलेल्या म्हाताऱ्याला ऐकू गेलं पाहिजे," एवढीच त्यांची अट होती. वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटील यांनी मंगळसूत्र विकल्याचा प्रसंग आला, की आजी चुलीपुढून उठून दाराशी येई आणि तो भाग पुन्हा म्हणायला लावी. माझ्या मते त्या घराला तो प्रसंग पुस्तकातला वाटतच नव्हता, कारण दहावीनंतर साताऱ्याला राहून शिकण्याचा माझा खर्च मामीने आपल्या भिशीच्या पैशांतून उचलला आणि त्याचा उल्लेख तिने पुढे कधीही केला नाही.

हिवाळ्यातल्या स्नेहसंमेलनाचा भार मावशीवर असे. नाटकातल्या स्त्रीपात्रांसाठी ती आपली नऊवारी लुगडी देई, जिजाऊंच्या भूमिकेसाठी पुठ्ठ्याचे आणि सोनेरी कागदाचे दागिने करी आणि संध्याकाळी साऱ्या घराला घेऊन पुढच्या घोंगडीवर येऊन बसे. मला पारितोषिक मिळो वा न मिळो, घरी गेल्यावर तिच्या हातची गूळपोळी ठरलेली असे.

आज मी शिक्षक म्हणून उभा आहे तो या माणसांच्या बळावर, आणि त्यांचे ऋण जाहीरपणे मान्य करताना मला अतिशय समाधान वाटते. आजी, मावशी आणि थोरले मामा आता हयात नाहीत. शाळेच्या संमतीने जयंतीच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी मी एक बक्षीस ठेवले आहे आणि त्यावर मामा व मामी या दोघांचीही नावे घातली आहेत. मामी दरवर्षी स्वतः येऊन ते बक्षीस देते आणि मुलाला कोणत्या गावाहून शाळेत यावे लागते, घरी कोण कोण आहे, याची चौकशी केल्याशिवाय त्याला व्यासपीठावरून उतरू देत नाही.