मी कुणाचं काय वाईट केलं होतं?

उपनिषदांचा वर्ग संपतो, सतरंज्या गोळा होतात आणि कुणीतरी एक जण दाराशी रेंगाळत राहतं. चपला पायांत असतात, पण पाय निघत नाही. मग हळूच येतं, "बाई, एक विचारू का? मी कुणाचं काय वाईट केलं होतं?" कुणाचा तरणा मुलगा गेलेला असतो, कुणाच्या नवऱ्याला गाठ निघालेली असते, कुणाचं मूल जन्मापासून चालू शकत नाही. प्रश्न तोच. त्याच्या पोटात आणखी एक असतो, तो सहसा ओठांवर येत नाही: हे माझ्याच मागच्या जन्मीच्या कर्माचं फळ, असंच ना?

दाराशी उभ्याउभ्या मला याचं उत्तर कधी धड देता आलेलं नाही. तुम्हीही हेच विचारलंत म्हणून आज बसून लिहिते.

आधी माझं सांगते. माझ्या आईला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. ऐकू मात्र सगळं यायचं. अकरा महिने ती अंथरुणाला खिळून होती. दर दोन तासांनी तिला कुशीवर वळवायचं, पाठीमागे उशी लावायची, टाचा गादीला टेकू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली टॉवेलची घडी सरकवायची. एका दुपारी मी हे करत असताना भेटायला आलेले एक नातलग पलंगाशी उभं राहून म्हणाले, "मागचं देणं असतं गं. भोगूनच संपवावं लागतं." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, धीर द्यायलाच आले होते. पण आईचा जो एक हात हलत होता, त्या हाताने तिने चादर मुठीत घट्ट धरली. ती मूठ मी पाहिली. ती उलगडायला मला बराच वेळ तिचा हात कुरवाळत बसावं लागलं.

आयुष्यभर ज्या ग्रंथांपाशी मी बसले, त्यांच्या नावाने हे बोललं गेलं होतं. म्हणून मी पुन्हा त्या ग्रंथांकडेच गेले, खरंच तिथे असं लिहिलंय का ते बघायला.

बृहदारण्यक उपनिषदात जनकाच्या सभेतला प्रसंग आहे. आर्तभाग नावाचा एक जण याज्ञवल्क्य ऋषींना विचारतो: माणूस मरतो तेव्हा त्याची वाणी अग्नीत जाते, प्राण वाऱ्यात, डोळा सूर्यात. मग तो माणूस कुठे असतो? भरसभेत एकेकाला निरुत्तर करणारे याज्ञवल्क्य इथे सभेसमोर उत्तर देत नाहीत. म्हणतात, बाळा, हात दे तुझा. हे आपण दोघंच जाणून घेऊ, चारचौघांत बोलायचं हे नाही. दोघं उठून बाजूला जातात. त्यांच्यात जे बोलणं झालं ते कर्माविषयी झालं, एवढं उपनिषद सांगतं, आणि एक वाक्य आपल्या हाती ठेवतं: पुण्यो वै पुण्येन कर्मणा भवति, पापः पापेन.

वर्गात मी या वाक्यातल्या 'भवति'पाशी नेहमी थांबते. भवति म्हणजे होतो. पुण्यकर्माने माणूस पुण्यवान होतो, पापकर्माने पापी होतो. 'मिळतं' असा शब्द तिथे नाही. याच उपनिषदात पुढे हे आणखी उलगडलंय: जशी इच्छा तसा संकल्प, जसा संकल्प तसं कर्म, आणि जसं कर्म तसा माणूस घडत जातो. खोटं बोलणारा दर खेपेला थोडा अधिक खोटा होत जातो. हे मृत्यूपलीकडेही चालू राहतं असं उपनिषदाला म्हणायचंय यात शंका नाही. पण त्याची नजर घडणाऱ्या माणसावर आहे, आणि बोललं गेलंय ते हात हातात घेऊन, एकांतात. आजाऱ्याच्या उशाशी, पाहुण्यांच्या समोर नाही.

मग आपल्या बोलण्यात कर्म कसं आलं बघा. 'कर्म माझं!' म्हणत आपण कपाळाला हात लावतो. ज्या शब्दाचा अर्थ 'करणं', त्याच शब्दाने आपण 'आता काही करता येत नाही' असं सांगतो. संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण हे तीन शब्द घराघरांत ठाऊक असतात: साठलेलं, फळ द्यायला लागलेलं आणि आत्ता हातून घडणारं. त्यांतलं प्रारब्ध तेवढं लोक धरून बसतात. धनुष्यातून सुटलेला बाण परत येत नाही, हा दृष्टान्त मला अनेकांनी ऐकवलाय. शंकराचार्यांनी तो दिला तो ज्ञान झाल्यावरही ज्ञानी पुरुषाचं शरीर का टिकून राहतं हे सांगायला. दुखणाईताला गप्प बसवायला नव्हे.

आता मुख्य गोष्ट. दुःखावरून मागचं कर्म ओळखता येतं का?

पतंजलींच्या योगसूत्रांत म्हटलंय की कर्माचा विपाक, म्हणजे त्याचं फळ पिकणं, तीन रूपांनी होतो: जन्म, आयुष्य आणि भोग. इतकं वाचून पुस्तक मिटलं तर वहीखात्यासारखा हिशेब वाटतो, इकडे जमा, तिकडे खर्च. पण त्या सूत्रावरचं व्यासभाष्य वाचा. ते म्हणतं की ज्या कर्माचं फळ ठरलेलं नाही, त्याच्या तीन गती होऊ शकतात. काही कर्म फळ न देताच नष्ट होतं. काही दुसऱ्या मोठ्या कर्मात मिसळून जातं. काही एखाद्या प्रबळ कर्माखाली दबून दीर्घकाळ तसंच पडून राहतं, केव्हा उगवेल सांगता येत नाही. म्हणून कर्माची गती विचित्र आहे आणि ती कळणं अवघड आहे, असं भाष्यकार स्वतःच म्हणून ठेवतात. गीताही 'गहना कर्मणो गतिः' म्हणते. म्हणजे ज्यांनी हा सिद्धान्त अगदी बारकाईने मांडला, त्यांनीच उलटा हिशेब करायची वाट बंद करून ठेवली आहे. अमक्या दुःखामागे अमकं पाप, हे बोट ठेवून दाखवणं त्यांना शक्य वाटलं नाही. पलंगाशी उभ्या असलेल्या माणसाला ते कुठून कळणार?

महाभारताच्या अनुशासनपर्वात सुरुवातीलाच गौतमीची कथा येते. म्हाताऱ्या गौतमीचा मुलगा साप चावून मेला. अर्जुनक नावाचा पारधी त्या सापाला बांधून तिच्यापुढे आणतो आणि विचारतो, याला आगीत टाकू की तुकडे करू? ती म्हणते, सोड त्याला. याला मारून माझा मुलगा थोडाच परत येणार? पारधी ऐकत नाही. साप म्हणतो, मला मृत्यूने पाठवलं. मृत्यू येऊन म्हणतो, मला काळाने. काळ येतो आणि म्हणतो, आमच्यातला कुणीच दोषी नाही, या मुलाचं कर्मच कारण. तेव्हा गौतमी म्हणते, हो, आणि मीही असं काही केलं असेल की मला हा पुत्रशोक आला. अर्जुनका, सोड सापाला.

ही कथा मी कितीदा तरी सांगितली आहे, आणि दर वेळी गौतमीपाशी माझा आवाज जड होतो. इथे कर्म हा शब्द जिचं लेकरू गेलं तिच्या तोंडून येतो, आणि त्याने एक उगारलेला हात खाली येतो. शरपंजरी पडलेले भीष्म ही गोष्ट सांगतात ती युधिष्ठिराला, जो युद्धातल्या सगळ्या मृत्यूंचा भार एकट्याच्या डोक्यावर घेऊन बसलाय. त्याचा भार हलका व्हावा म्हणून सांगतात.

बरीच वर्षं माझं उत्तर इथे संपायचं: कर्म हे ज्याचं त्याने स्वतःबद्दल म्हणावं, दुसऱ्याबद्दल कधी म्हणू नये. मग एकदा चोखोबांच्या अभंगाने मला अडवलं. 'आम्हां पूर्वींचे हें फळ', असं ते विटाळाबद्दल म्हणतात. ते स्वतःबद्दलच बोलताहेत. पण ते त्यांच्या मनात कुणी रुजवलं? सारा गाव पिढ्यान् पिढ्या तेच सांगत आला, म्हणून ते त्यांच्या अभंगात उतरलं. आणि त्याला आधारही ग्रंथातलाच होता. चांगल्या आचरणाचे लोक वरच्या वर्णांत जन्मतात आणि वाईट आचरणाचे कुत्र्याच्या, डुकराच्या, चांडाळाच्या योनीत, हे वाक्य छांदोग्य उपनिषदाच्या पाचव्या अध्यायात आहे. ते मी वर्गात गाळत नाही आणि त्याची सारवासारवही करत नाही. 1957 साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेब आंबेडकरांनी विचारलंय, की गतजन्मीच्या कर्मावर आजची दुर्दशा ढकलण्याचा हेतू तरी काय असेल? गोरगरिबांच्या स्थितीची जबाबदारी समाजाला आणि राज्याला झटकता यावी, याहून दुसरा हेतू त्यांना दिसला नाही. या आरोपापुढे मी मान खाली घालते. माणसाने माणसावर केलेला अन्याय प्रारब्धाच्या खात्यावर मांडणं हे ज्यांनी केलं, त्यांचंही ते कर्मच होतं, हेही त्याच न्यायाने म्हणावं लागेल.

मग दाराशी थांबलेल्या बाईला काय सांगू? खरं तेच. तुमच्या हातून मागे काय घडलं हे मला ठाऊक नाही, तुम्हाला नाही, आणि ठाऊक आहे असं म्हणणाऱ्या कुणालाच नाही. तुमच्या मुलाच्या पायांकडे बघून ते वाचता येत नाही. शास्त्राने तसं वाचायला सांगितलेलंही नाही. दुःखी माणूस समोर आला तर करुणा ठेवावी, असं पतंजली सांगतात, आणि त्या सूत्रात त्याचं दुःख कशामुळे आलं याची चौकशी करायला कुठे म्हटलेलं नाही.

त्यांचंच आणखी एक सूत्र आहे, तीनच शब्दांचं: हेयं दुःखमनागतम्. जे दुःख अजून आलेलं नाही, ते टाळायचं. झालेलं होऊन गेलं, चालू आहे ते सोसतोच आहोत. हात पोचतो तो पुढच्याला. पतंजलींनी ते मुक्तीच्या मोठ्या अर्थाने लिहिलं. मला ते कळलं आईच्या खोलीत. रात्री दोनचा गजर व्हायचा. मी उठून तिच्या खांद्याखाली एक हात, कमरेखाली दुसरा हात घालायची. नंतर नंतर तर मी वाकले की तीच आपला डावा हात माझ्या मानेभोवती टाकायची, वळायला मला मदत म्हणून. वाचा नव्हती, तरी त्या हातात 'चल, वळव' एवढं स्पष्ट असायचं. उशी लावायची, घडी सरकवायची, पाठ डोळ्यांनी आणि बोटांनी तपासायची, पुन्हा चारचा गजर लावायचा.

ती गेली त्या सकाळी शेवटची अंघोळ घालताना मी तिची पाठ पाहिली. अकरा महिन्यांत तिच्यावर एकही जखम झालेली नव्हती.