वीस गुंठे की साठ गुंठे : वाटणीच्या दाव्याचा माझा अनुभव

माझे माहेर तासगाव तालुक्यातले आणि सासर कराडचे. आमचे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणत असू, २००२ मध्ये मृत्युपत्र न करता वारले. आई त्याआधीच गेली होती. मागे राहिली ती साडेचार एकर वडिलोपार्जित जमीन, तिच्यातली द्राक्षबाग, एक विहीर, दोन भाऊ आणि मी. वारसनोंद झाली तेव्हा सातबाऱ्यावर दोघा भावांची नावे खातेदार म्हणून लागली आणि माझे नाव ‘इतर हक्क’ या रकान्यात गेले. नाव कागदावर आहे एवढ्यावर मी समाधान मानले, कारण त्या दोन रकान्यांत किती अंतर आहे हे मला त्या वेळी कोणी सांगितले नव्हते.

ते अंतर २०१३ मध्ये कळले. भावांना बागेसाठी मोठे कर्ज हवे होते आणि सातबाऱ्यावरचे माझे नाव त्याच्या आड येत होते, म्हणून दोघेही हक्कसोडपत्राचा मसुदा घेऊन कराडला आले. धाकटा म्हणाला, “अक्का, दुय्यम निबंधकांकडं एक दिवस यायचं आणि सही करायची, एवढंच.” आमच्या भागात बहुतेक बहिणी अशी सही देतात, माहेर तुटू नये, भाऊबीजेला कोणीतरी दारात यावे, एवढ्याच आशेने देतात, आणि त्यांना मी आजही नावे ठेवत नाही. मी विचाराला महिनाभर मागितला. त्या महिन्यात मी सांगलीच्या एका वकीलबाईंना भेटले आणि त्यांनी कागदाच्या पाठीवर मांडून दाखवलेला हिशेब माझ्या मनातून पुढे सात-आठ वर्षे हलला नाही.

जुन्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हक्क फक्त पुरुषांना होता. म्हणजे आबा आणि दोन मुलगे यांचे तीन हिस्से कल्पायचे आणि त्यांतला आबांचा तिसरा हिस्सा आम्हा तिघा भावंडांत पुन्हा वाटायचा. माझ्या वाट्याला येतो नववा हिस्सा, साडेचार एकरांतले वीस गुंठे. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींनाही सहदायाद, म्हणजे जन्मानेच हिस्सेदार, केले खरे, पण त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या, आणि माझे लग्न १९९१ चे. केंद्राच्या दुरुस्तीने ९ सप्टेंबर २००५ पासून लग्नाची ती अट गेली आणि मुलगी मुलासारखीच जन्माने सहदायाद ठरली. या हिशेबात आबा आणि आम्ही तिघे असे चार हिस्से पडतात, त्यांतला माझा स्वतःचा चौथा हिस्सा आणि आबांच्या चौथ्या हिश्शातला तिसरा भाग मिळून बरोबर एक तृतीयांश होतो, म्हणजे साठ गुंठे. प्रश्न एकच उरत होता: दुरुस्ती आली तेव्हा आबा हयात नव्हते, मग ती मला लागू होते का?

२०१४ मध्ये आम्ही वाटपाचा दावा दाखल केला. भावांचे म्हणणे होते की आबांनी १९९९ मध्येच तोंडी वाटणी करून दिली होती. पण २००२ पर्यंत खातेफोड, म्हणजे सातबाऱ्यावर प्रत्येकाचे वेगळे खाते, झालेली नव्हती, संपूर्ण क्षेत्र आबांच्या एकट्याच्या नावावर होते आणि त्यांनी २००१ मध्ये त्या सगळ्या क्षेत्रावर सोसायटीचे कर्ज उचलले होते. हे उतारे आणि फेरफार जमवायला मला पाच-सहा फेऱ्या माराव्या लागल्या, पण सगळ्यांत उपयोगी पडले ते तेच कागद.

साक्षीपुरावा चालू असतानाच ऑक्टोबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश विरुद्ध फुलवती या प्रकरणात निकाल दिला की ९ सप्टेंबर २००५ रोजी मुलगी आणि वडील दोघेही हयात असले पाहिजेत. आमचा प्राथमिक हुकूमनामा, म्हणजे कोणाचा हिस्सा किती हे ठरवणारा, २०१६ मध्ये झाला. तोंडी वाटणी सिद्ध झाली नाही असे न्यायालयाने म्हटले, पण माझा हिस्सा नववाच धरला. त्या रात्री मला झोप लागली नाही. आबा आणखी तीन वर्षे जगले असते तर मी त्यांची पूर्ण मुलगी ठरले असते, हा विचार मला आजही सहन होत नाही.

आम्ही जिल्हा न्यायालयात अपील केले. फेब्रुवारी २०१८ मध्ये दानम्मा सुरपूर यांच्या दाव्याचा निकाल आला. त्यांचे वडील २००१ मध्ये वारलेले असूनही सर्वोच्च न्यायालयाने त्यांना मुलाइतका हिस्सा दिला. फुलवती आणि दानम्मा ही दोन्ही प्रकरणे शेजारच्या कर्नाटकातली आणि दोन्ही निकाल दोन-दोन न्यायमूर्तींचे, त्यामुळे आमच्या अपिलात प्रत्येक बाजूच्या हातात एकेक निकाल होता. प्रश्न तीन न्यायमूर्तींपुढे गेला आहे, थांबणे शहाणपणाचे, असे वकीलबाई म्हणाल्या आणि आम्ही थांबलो.

११ ऑगस्ट २०२० रोजी, टाळेबंदीच्या त्या दिवसांत, त्यांचा फोन आला. विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी ठरवले होते की मुलीचा हक्क जन्माने येतो, म्हणून २००५ मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही. हिस्से मोजण्यासाठी कल्पिलेली वाटणी ही खरी वाटणी नव्हे. आणि प्राथमिक हुकूमनामा झालेला असला तरी अपिलात किंवा अंतिम हुकूमनाम्याच्या कामात हिस्सा वाढवून देता येतो. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या नोंदणीकृत वाटण्यांना त्यांनी हात लावला नाही, पण तोंडी वाटणीचा बचाव, सरकारी कागदांचा भक्कम आधार असल्याशिवाय, मान्य करू नये असे सांगितले. विनीता शर्मा यांचे वडीलही १९९९ मध्येच वारलेले. मी त्यांना कधी पाहिलेले नाही; त्या त्यांच्या हिश्शासाठी भांडल्या आणि माझे चाळीस गुंठे मला मिळाले.

अपिलाचा निकाल २०२१ मध्ये एक तृतीयांशचा झाला. पुढे दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, तिथून प्रत्यक्ष सरस निरस, म्हणजे जमिनीचा कस पाहून करायच्या, वाटपासाठी हुकूमनामा महसूल खात्याकडे, मग भूमी अभिलेखची मोजणी, यात आणखी दोन वर्षे गेली. मोजणीच्या दिवशी थोरले दादा आले नाहीत. धाकटा आला, हद्दीच्या खुणा रोवताना उभा राहिला आणि जाताना विहिरीच्या पाण्याचे माझे दोन वार ठरवून गेला. आता माझ्या पोटहिश्शाचा सातबारा वेगळा आहे. खातेदार म्हणून माझे नाव आहे आणि ‘इतर हक्क’ या रकान्यात विहिरीतल्या एक तृतीयांश पाण्याची नोंद आहे.