तुम्ही विचारलंत म्हणून: टिकणारी कंपनी कोणती?

"भाऊ, आता पह्यलेसारखं मजबूत काही येतच नाही ना? मंग घेऊ तरी कोणत्या कंपनीचं?" कापसाचे चुकारे हातात पडले, लग्नसराई तोंडावर आली, की टीव्ही-फ्रिज दुरुस्तीच्या धंद्यातल्या माणसाला हा प्रश्न हमखास येतो. उभ्याउभ्या त्याचं धड उत्तर देता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून बसून लिहितो.

आधी जुन्याचं. गावात एखादा पंचवीस वर्षांचा फ्रिज अजून घरघरत असतो, तो सगळ्यांना दिसतो. त्याच्या सोबतचे भंगारवाल्याकडे कधीच गेले, ते कोणाच्या डोळ्यासमोर नाहीत. आणि जुना डबा टीव्ही बिघडत नव्हता असंही नाही. पडद्यावर आडवी पांढरी रेघ उरली की व्हर्टिकल आयसी. सुरूच होत नाही, नुसती टिकटिक येते, तर लाइन ट्रान्झिस्टर नाहीतर ईएचटी, म्हणजे उच्च दाबाचा ट्रान्सफॉर्मर. वरून थाप मारली की चालतो, म्हणजे कुठंतरी ड्राय सोल्डर, टाका सैल झालेला. तिन्ही कामं तालुक्याच्या दुकानात एका दिवसात व्हायची. आठ वेळा उघडलेला टीव्हीही शेवटी 'पंधरा वर्षं टिकला' याच खात्यात जमा व्हायचा. टिकण्यात अर्धा वाटा उघडता येण्याचा होता, तोच आता कमी झाला आहे.

आजचा एलईडी टीव्ही पाहा. 32 इंची टीव्हीत काचेच्या पॅनेलमागे दोन-तीन ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असतात, प्रत्येकीवर काही एलईडी आणि एकेका एलईडीवर प्लॅस्टिकचं भिंग. एलईडी एकामागे एक जोडलेले, दिवाळीच्या माळेसारखे. त्यातला एक उडाला की अख्खा पडदा काळा. आवाज येतो, चित्र नाही, ही तक्रार आली की पहिला संशय इथंच. खात्री घरी करता येते. खोलीत अंधार करा, टीव्ही चालू ठेवा आणि मोबाइलचा टॉर्च पडद्याला टेकवून तिरपा धरा. पुसट चित्र हलताना दिसलं तर पॅनेल आणि मेन बोर्ड शाबूत आहेत, फक्त त्या पट्ट्यांचा उजेड, म्हणजे बॅकलाइट, गेली आहे. हे काम होण्यासारखं आहे, टीव्ही भंगारात देऊ नका. पडद्यावर पांढरे गोल ठिपके दिसतात तेव्हा उष्णतेनं गोंद सुटून ती भिंगं खाली पडलेली असतात. तेही याच कामात निघतं.

बॅकलाइट उडते त्याचं मोठं कारण सेटिंगमध्ये असतं. नव्या टीव्हीत बॅकलाइट बहुतेक वेळा पूर्ण नाहीतर त्याच्या आसपास ठेवलेली असते, कारण दुकानाच्या झगमगाटात चित्र उठून दिसायला हवं. घरात ती 60 वर आणली तरी चित्रात काही कमी पडत नाही, आणि एलईडीमधला करंट उतरतो, पट्टी कमी तापते. पट्ट्या बदलताना पूर्ण संच बदलून घ्या. एकच एलईडी बदलला तर उरलेले त्याच वयाचे असतात, सहा-आठ महिन्यांत दुसरा जातो आणि नाव मेकॅनिकचं खराब होतं. तीन व्होल्टच्या एलईडीच्या जागी सहाचा बसवणारेही आहेत. तो चालतच नाही, किंवा पट्ट्यांना करंट देणारी ड्रायव्हर आयसी घेऊन जातो. जाणता माणूस पट्ट्या बदलल्यावर ड्रायव्हरजवळच्या, करंट मोजणाऱ्या समांतर सेन्स रेझिस्टरपैकी एक उचलून करंट थोडा उतरवून देतो. त्याला विचारा, "करंट कमी केला का?" एवढ्या प्रश्नावरून समोरचा किती पाण्यात आहे ते कळतं.

उभ्या रेघा आल्या तर मात्र जपून. पॅनेलच्या कडेला केसासारख्या पातळ फिती काचेवर चिकटवलेल्या असतात, त्यांची पकड सुटलेली असते. त्या परत चिकटवायला बॉन्डिंग मशिन लागतं, ते तालुक्याला नसतं. पॅनेलच बदलायचं म्हटलं तर पैसा नव्या टीव्हीच्या जवळ जातो. दिवाळीच्या साफसफाईनंतर अशा रेघा वाढतात. फवारा थेट पडद्यावर मारला की पाणी ओघळून खालच्या कडेत शिरतं, आणि फिती नेमक्या तिथंच असतात. पाणी कापडावर घ्या, कापड पिळा, मग पुसा. एवढ्याशा गोष्टीनं वाचणारे टीव्ही कमी नाहीत.

पॉवर सप्लायमधल्या कपॅसिटरचं गणित विदर्भात जास्त लागू पडतं. चांगल्या कपॅसिटरवर 105 अंश छापलेलं असतं. साधारण मालाचं आयुष्य त्या तापमानाला 2,000 तास धरतात, आणि तापमान दर 10 अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट होतं. आत 65 अंश राहिलं तर 32,000 तास, 75 राहिलं तर 16,000. रोज सहा तास टीव्ही म्हणजे वर्षाला 2,200 तास. तोच टीव्ही एका घरात 14 वर्षं जाईल, दुसऱ्यात सात. टिनाचं छप्पर, बाहेर मे महिन्याचे 45 अंश आणि टीव्ही भिंतीतल्या बंद कोनाड्यात बसवलेला असेल, तर तो दुसऱ्या घरातला. मागे किमान चार बोटं आणि वर वीतभर मोकळी जागा ठेवा. फुगलेल्या टोपीचा कपॅसिटर हे सगळ्यात स्वस्त काम आहे, अट एवढीच की बदली कपॅसिटरही 105 अंशांचाच हवा. बाजारात 85 चे मिळतात, ते पुढच्या उन्हाळ्यात परत फुगतात.

आता कंपनी. खोक्यावरचं नाव आणि आतला माल यांचं नातं पहिल्यासारखं राहिलेलं नाही. भारतात कोडॅक आणि थॉमसन या नावांचे टीव्ही सुपर प्लास्ट्रॉनिक्स ही नोएडाची कंपनी परवान्यावर बनवते. तोशिबाचा टीव्हीचा धंदा हायसेन्सकडे गेला. डिक्सन ही कंपनी एकाच वेळी अनेक नावांसाठी टीव्ही बनवून देते. पॅनेल बनवणारे कारखाने जगात मोजके, त्यातले बहुतेक चीनमध्ये. सॅमसंगच्या पॅनेल बनवणाऱ्या कंपनीनंसुद्धा 2022 मध्ये एलसीडी पॅनेल बनवणं थांबवलं. त्यामुळे दोन वेगळ्या नावांच्या टीव्हींत आतून एकाच कारखान्याचं पॅनेल निघू शकतं. नावाचा फरक अजिबात नाही असं म्हणत नाही. पॉवर सप्लायमध्ये कपॅसिटर कोणता, पट्टीवर एलईडी किती, उष्णता बाहेर काढायला पत्रा किती जाड, यात तो पडतो. पण एकाच कंपनीच्या 12 हजारांच्या आणि 30 हजारांच्या टीव्हीतही तो तितकाच पडतो.

म्हणून दुकानदाराला दोनच गोष्टी विचारा. बिघडलं तर माणूस कुठून येणार: तालुक्याहून, यवतमाळहून, की नागपूरहून? आणि या मॉडेलचा मेन बोर्ड सुटा मिळतो का? नागपूरहून येणारा माणूस 140 किलोमीटरवरच्या गावात एका टीव्हीसाठी येत नाही. तो तिकडच्या चार तक्रारी गोळा होईपर्यंत थांबतो. त्यापेक्षा ज्याचा माणूस तालुक्याला बसतो ते मधल्या फळीतलं नाव घ्यावं, असं माझं मत. स्मार्ट टीव्हीत अजून एक मरण असतं: टीव्ही ठणठणीत, पण 1 जीबी रॅम आणि 8 जीबी साठवण, त्यामुळे चार-पाच वर्षांत ॲप रडायला लागतात. त्यासाठी टीव्ही बदलू नका, मागच्या एचडीएमआयला ॲप चालवणारी स्टिक लावा.

खरं सांगायचं तर गावातल्या वस्तू कंपनीपेक्षा डीपीच्या, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरच्या, हातात जास्त असतात. 230 व्होल्टचा एसी दाब टीव्हीतल्या ब्रिज रेक्टिफायरमधून गेला की 325 व्होल्ट डीसी होतो, म्हणून टीव्हीत 400 किंवा 450 व्होल्टचा कपॅसिटर असतो. वादळात डीपीवरचा न्यूट्रल तुटला की तीन फेजवरची घरं एकमेकांच्या भरवशावर येतात. ज्या फेजवर भार कमी त्यावर दाब 350-400 पर्यंत चढतो, डीसी 500 च्या वर जातो, आणि कपॅसिटर फटाक्यासारखा फुटतो. खूण अशी की एकाच वेळी तुमचा दिवा भगभगतो आणि शेजारच्याचा मिणमिणतो. त्या क्षणी कारण शोधत बसू नका, मेन बंद करा, मग लाइनमनला फोन. मीटरनंतर ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घ्या. तो साधारण 270 च्या वर आणि 170 च्या खाली घराची वीज तोडतो, आणि दाब सुधारला की स्वतःच जोडतो.

याच्याशी जुळलेली एक उलटी सवय आहे. लोक टीव्हीला स्टॅबिलायझर लावतात आणि फ्रिज थेट. टीव्हीचा सप्लाय बहुधा 100 ते 240 व्होल्टवर चालतो, संध्याकाळी दाब 160 झाला तरी त्याला फरक पडत नाही. साध्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरला पडतो. तो उचलत नाही, हूं करतो, त्याला वाचवणारा ओव्हरलोड तापून 'टक' होतो, दोन मिनिटांनी पुन्हा तेच. मोटारपंप सुरू असताना तासभर हे चाललं की वाइंडिंग जातं. स्टॅबिलायझर फ्रिजला लावा, आणि तीन मिनिटांच्या उशिरानं सुरू होणारा घ्या. लाइट जाऊन लगेच आली तर आतल्या गॅसचा दाब अजून उतरलेला नसतो, मोटार त्याच्याविरुद्ध फिरू शकत नाही.

जुन्या एका दाराच्या फ्रिजमध्ये बिघडणारं काय होतं? कॉम्प्रेसर, रिले, ओव्हरलोड, थर्मोस्टॅट, दाराचं रबर. संपलं. नव्या इन्व्हर्टर फ्रिजला, म्हणजे मोटारीचा वेग बोर्डानं कमी-जास्त करणाऱ्याला, वीज कमी लागते हे खरं, पण त्याचा बोर्ड गेला की तो बोर्ड त्याच मॉडेलचा लागतो. '10 वर्षं वॉरंटी' ही सहसा फक्त कॉम्प्रेसरची असते. गॅस, मजुरी आणि बोर्ड तिच्यात धरलेले असतात का ते बिलामागे वाचून घ्या. आणखी एक खूण फ्रिजच्या स्टिकरवर शोधा, क्लायमेट क्लास: भोवताली किती तापमानापर्यंत फ्रिज नीट चालतो ते. एसटी म्हणजे 38 अंशांपर्यंत, टी म्हणजे 43. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात टीसुद्धा अपुरा पडतो, एसटीचं तर विचारूच नका. फ्रिज टिनाखालच्या खोलीत न ठेवता घरातल्या सगळ्यात थंड भिंतीला, सहा इंच सोडून ठेवा.

गॅस भरताना तिथं उभे राहा. नव्या फ्रिजमध्ये आर-600ए असतो, एका दाराच्या फ्रिजला जेमतेम 30 ते 50 ग्रॅम, आणि तो जळणारा. अंदाजानं भरला की फ्रिज गेलाच समजा. वजनकाटा हवा, ओल शोषणारा फिल्टर ड्रायर नवा हवा, आणि व्हॅक्यूम पंप किमान अर्धा तास चालायला हवा. पंप न लावता भरला तर आत राहिलेली ओल गॅसच्या बारीक केशनळीच्या तोंडाशी गोठते. मग फ्रिज थोडा वेळ थंड करतो, बंद होतो, गरम झाला की परत करतो. 'गॅस टिकत नाही' म्हणतात त्यातले बरेच फ्रिज या ओलीचे असतात.

कूलरबद्दल मी पत्र्याच्या बाजूचा आहे. आपल्याकडचा लोखंडी कूलर म्हणजे पत्रा, मोटार, पंखा, टिल्लू पंप आणि पाणी झिरपणाऱ्या गवती ताट्या, पाचही वस्तू आठवडी बाजारच्या गावात मिळतात. मोटार हळू फिरते म्हटलं की आधी कपॅसिटर बदला. पंख्यांमध्ये तो बहुधा 2.5 मायक्रोफॅरडचा, कूलरच्या मोटारीला 4 च्या आसपास; जुन्यावर छापलेला आकडा पाहून तोच घ्या. सीझन संपला की टाकी कोरडी करून आतून डांबरी रंगाचा हात मारा, दहा वर्षं गंजत नाही. प्लॅस्टिकच्या कूलरच्या मधमाशीच्या पोळ्यासारख्या जाळ्या बोअरच्या खारट पाण्यानं दोन-तीन उन्हाळ्यांत चुन्यानं भरतात, आणि त्या महाग असतात.

पत्र्याची एक गोष्ट मात्र जिवावरची आहे. पाण्यात बुडालेल्या पंपाचं इन्सुलेशन गेलं की अख्खी पेटी करंट धरते. दर उन्हाळ्यात विदर्भात यात माणसं जातात. आणि आपल्या काळ्या मातीचा घोळ असा की उन्हाळ्यात ती भेगाळते, अर्थिंगच्या सळईपासून सुटते. ज्या महिन्यात कूलर चालतो त्याच महिन्यात अर्थिंग मेलेलं असतं. कोळसा-मिठाच्या खड्ड्यात एप्रिलपासून आठवड्याला दोन बादल्या पाणी टाका. वायरमनकडून फेज आणि अर्थ यांच्यामध्ये 100 वॉटचा दिवा लावून पाहा, पूर्ण उजेड पडला पाहिजे. 30 मिलिॲम्पिअरची आरसीसीबी बसवा, करंट गळला की ती वीज तोडते. आणि पाणी भरताना बटण बंद करून भागत नाही, पिन काढायची.

मिक्सरचं थोडक्यात: ठिणग्या दिसल्या तर कार्बन ब्रश, भांडं फिरत नाही पण मोटार फिरते तर कपलर, एकदम बंद पडला तर आधी बुडाशी असलेलं लाल बटण दाबा. सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशिनचा खरा शत्रू उंदीर. खालून जाळी ठोका.

सुटे भाग मिळण्याची सक्ती युरोपियन युनियननं 1 मार्च 2021 पासून लावली: टीव्हीचे ठरावीक भाग 7 वर्षं, वॉशिंग मशिनचे 10. आपल्याकडे डिसेंबर 2022 मध्ये राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, सरकारी पोर्टल आलं, पण कंपन्यांची माहिती तिथं दिसली म्हणजे राळेगावसारख्या तालुक्याच्या गावी दुकानात बोर्ड मिळाला असं होत नाही. तोवर पाठीमागच्या स्टिकरचा, मॉडेल आणि सिरियल नंबरसकट, फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. नागपूरहून भाग मागवायला तोच लागतो. खोका आणि थर्माकोल माळ्यावर टाकून ठेवा. टीव्ही दुरुस्तीला नेताना तो उभाच न्यायचा, काच माणसाकडे, मागे उशी. गोधडीवर आडवा टाकून ऑटोत आणलेल्या टीव्हीचं पॅनेल रस्त्यातच फुटतं, आणि मग बॅकलाइटचं स्वस्त काम करण्यात काही अर्थ उरत नाही.