संभाजीनगर ते लंडन: विमानाचे दहा तास आणि बाकीचे

नकाशावर सरळ रेघ ओढली तर छत्रपती संभाजीनगर ते लंडन साधारण 7,320 किलोमीटर भरतं. मुंबईहून 7,210. म्हणजे फरक जेमतेम 110 किलोमीटरचा. तरी घरातून निघून लंडनला टेकेपर्यंत अख्खा दिवस जातो, कारण संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरून युरोपला विमान नाही. आधी मुंबई किंवा दिल्ली गाठायची, आणि घोटाळा होतो तो बहुधा याच टप्प्यात.

चिकलठाणा-मुंबई विमान तासाभराचं. दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर घ्या. पहिलं लेट झालं तर पुढची सोय कंपनी बघते आणि बॅगा बहुतेक वेळा थेट लंडनपर्यंत जातात. वेगळी तिकिटं कधी स्वस्त पडतात, पण मग मुंबईत बॅगा पट्ट्यावरून उचलायच्या, टर्मिनल 1 ला उतरलात तर रस्त्याने टर्मिनल 2 गाठायचं आणि पुन्हा रांग. मधे किमान सहा तास ठेवा. काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो, काही कंपन्यांचा त्याहूनही आधी.

नांदेड, परभणी, जालन्याकडच्यांना रात्रीची देवगिरी एक्सप्रेस बरी. सकाळी ठाण्याला किंवा दादरला उतरा. सीएसएमटीपर्यंत गेलात तर सामान घेऊन उलटं यावं लागतं. पावसाळ्यात कसारा घाटात दरड आली की गाड्या तासन्‌तास अडकतात, तेव्हा विमान रात्रीचं असलं तरी आदल्या रात्रीच निघा. समृद्धीवरून आमणेपर्यंत गाडी सुसाट येते, खरी परीक्षा त्यापुढे भिवंडी-ठाण्यात. मॅप दाखवेल त्यात दोन तास मिळवा.

मुंबई-लंडन जाताना साडेनऊ ते दहा तास, येताना साधारण तासभर कमी. उंचावरचे वेगवान वारे पश्चिमेकडून वाहतात. जाताना तोंडावर, येताना पाठीवर. वाटेतल्या एखाद्या देशाने हवाई हद्द बंद केली तर वळसा वेगळा. लंडन हिवाळ्यात साडेपाच तास मागे, तर मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार. रात्री दोनला निघालेलं विमान हिवाळ्यात तिथल्या सकाळी साडेसहाच्या सुमारास उतरतं. न्यायला येणाऱ्याला तिथली वेळ कळवा, आपली नव्हे.

खाऊचं बघून भरा. शेंगदाण्याची चटणी, धपाटे चालतात. तूप, पेढे, खव्याचं काहीही नको. ब्रिटनमध्ये आपल्याकडून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. ताजा कढीपत्ताही नाही. खोबऱ्याच्या वाट्या तर इथेच बॅगेतून काढायला लावतात, कारण त्यातल्या तेलामुळे सुकं खोबरं आपोआप तापून पेट घेऊ शकतं. लोणचं हातातल्या बॅगेत 100 मिलीच्या वर जाऊ देत नाहीत.

परतीला बॅगेवर चिकलठाण्याचा टॅग असला तरी मुंबईत कस्टमसाठी ती उचलावी लागेल का, हे लंडनच्या काउंटरवरच विचारा. इमिग्रेशन, बॅगा, कस्टम यात दीड-दोन तास सहज जातात. सकाळी उतरणार असाल तर रात्रीच्या गाडीचं आरक्षण करा, दुपारच्या नको.