पावडर गनच्या कपाला बरणी

ठाण्यातल्या वागळे इस्टेटच्या आमच्या गाळ्यात पावडर कोटिंगची, म्हणजे रंगाची कोरडी पावडर धातूवर चिकटवून भट्टीत पक्की करायची, दोन मशीन आहेत. मोठं हॉपरवालं, म्हणजे पावडरच्या टाकीचं, त्यावर इलेक्ट्रिक पॅनेलचे दरवाजे आणि कव्हर जातात. आठवडेच्या आठवडे एकच रंग, आरएएल या रंगांच्या यादीतला 7035, फिकट राखाडी. दुसरं छोटं, कपाची गन असलेलं. त्यावर सुटी कामं: बुलेटची साइड कव्हर, सायकलची फ्रेम, कुणाच्या आजीच्या शिलाई मशीनचा बिडाचा पाय, आर्किटेक्टना दाखवायच्या नमुन्याच्या पट्ट्या. पैसा मोठ्या मशीनवर मिळतो, मजा छोट्यावर. हे लिहितेय ते छोट्या गनच्या कपाबद्दल. तो सुटा मिळत नाही, आणि मिळालाच तर परवडत नाही.

ज्यांनी ही गन पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गनच्या पोटाखाली प्लॅस्टिकचा कप आट्यांवर फिरवून बसवतात. कॉम्प्रेसरची हवा एका बारीक नळीने कपात उतरते आणि पावडर ढवळते. उडालेली पावडर वरच्या वाटेने नोझलकडे जाते, तिथे तिला विजेचा भार मिळतो आणि ती अर्थिंग केलेल्या जॉबवर, म्हणजे रंगवायच्या वस्तूवर, जाऊन चिकटते. मग भट्टी. जॉब स्वतः 180 ते 200 अंशांपर्यंत तापला की तिथून पुढे दहा-पंधरा मिनिटं. म्हणजे कपाचं काम काय, तर पावडर धरून ठेवायची आणि हवा बाहेर जाऊ द्यायची नाही. एवढ्याशा कामाला एवढा भाव का, हा माझा पहिल्यापासूनचा प्रश्न.

कप एकच असला तर रंग बदलताना जीव जातो. काळ्यानंतर पांढरा घ्यायचा असेल तर कप, नळी, गळा सगळं हवेने झटकायचं, ब्रशने काढायचं, तरीही पांढऱ्यावर दोन-चार काळे ठिपके उठतात. मग घासा आणि परत मारा. प्रत्येक रंगाला वेगळा कप असेल तर फक्त वरचा भाग साफ करावा लागतो. आमच्याकडे गनबरोबर आलेले कप मोजकेच होते, त्यातल्या एकाला आट्यांपाशी तडा गेला आणि तिथून हवेबरोबर पावडर फुसफुसायला लागली. विकणाऱ्याला फोन केला तर उत्तर ठरलेलं: "सुटा कप येत नाही मॅडम, गनच घ्या नवीन." बाहेरून मागवायचा म्हटलं तर कपापेक्षा कुरिअर महाग.

मग व्हर्नियर (व्यास मोजायची पट्टी) पर्समध्ये टाकून जांभळी नाक्यावर गेले. तिथल्या प्लॅस्टिकच्या बरण्यांच्या दुकानात बाई व्हर्नियर काढून बरणीचं तोंड मोजतेय म्हटल्यावर दुकानदार आधी हसला, मग स्टूल दिलं, आणि शेवटी माळ्यावरचा मालही काढून दाखवला. पेट प्लॅस्टिकच्या पारदर्शक बरण्यांची तोंडं काही ठरावीक मापांत येतात. मसाले, मुखवास, सुकामेवा भरतात त्यांत 63 आणि 83 मिलिमीटर ही मापं सगळीकडे दिसतात. आमच्या गनचं माप यांतल्या कशालाच जुळत नाही. व्यास जवळपास आला तर आट्यांचा उतार वेगळा. अर्धा वेढा जातो आणि अडकतो. जबरदस्तीने फिरवलं तर बसल्यासारखं वाटतं, पण हवा सोडली की गळतं.

इथेच बहुतेक जण थांबतात किंवा टेप गुंडाळतात. नळाची पांढरी टेप, वर एमसील, त्यावर परत टेप. असे जुगाड मी एस्टेटमध्ये पाहिले आहेत. चालतातही, पण बरणी काढता येत नाही, आणि आपल्याला तर ती दिवसातून कितीदा तरी काढायची आहे.

मला सुचलं ते असं: गनला जुळणारी बरणी शोधत बसण्यात अर्थ नाही. जी बरणी ठाण्यात कधीही, डझनांनी मिळेल तीच धरायची आणि तिचं झाकण गनला कायमचं लावून टाकायचं. झाकणाच्या मधोमध भोक. भोकातून नायलॉनचा बुश, म्हणजे आरपार पोकळ नळकांडं. बुशच्या वरच्या अंगाला आमच्या फुटक्या कपावरून उतरवलेले आटे, ते गनमध्ये बसतात. खालच्या अंगाला साधे आटे आणि आवळायला चेकनट. झाकण बुशची कॉलर (मधली रुंद कड) आणि चेकनट यांच्यामध्ये दाबलं जातं, दोन्हीकडे रबरी वॉशर. बरणीचे आटे बरणीच्याच झाकणात बसणार, त्यामुळे ते लेथवर काढायची कटकटच नाही. बरण्यांचे तसले आटे काढायला कुठलाही टर्नर कुरकुरतो.

आमच्या लाइनीतल्या टर्नरकाकांना फुटका कप नेऊन दिला. त्यांनी तो उलटासुलटा केला, आट्यांमधलं अंतर मोजायचा पिच गेज लावला आणि म्हणाले, "ताई, हे माप ना इंचात आहे ना मिलिमीटरात, ज्याने बनवलं त्याच्या मनात आहे." पण काढून दिले. नायलॉनच्या रॉडचा तुकडा त्यांच्याकडेच पडलेला होता. मजुरीचे पाचशे घेतले, आणि बुश एकच लागतो. मोठं पॅकेट हवं असेल तर वॉशर आणि ओ-रिंगसाठी (गोल रबरी कडी) मुंबईत मशीद बंदरला उतरून नागदेवीचा हार्डवेअर बाजार गाठावा. इथल्या दुकानांत ओ-रिंग मिळते, पण नेमकं आपलं माप नेहमी संपलेलं असतं.

एक गोष्ट बुश बसवल्यावर लक्षात येते. बुशच्या उंचीइतकी बरणी खाली जाते आणि हवेची नळी पावडरपर्यंत पोचत नाही. गन नुसती हवा फेकते, पावडर तळाशी निवांत. नळीच्या टोकाला न्यूमॅटिक (हवेच्या) पाइपचा छोटा तुकडा चढवला की काम होतं. तळाला टेकवायचा मात्र नाही, थोडी जागा सोडायची. आणि बरणी अर्ध्याच्या आतच भरायची. वर रिकामी जागा नसेल तर ढवळायला वाव राहत नाही आणि गन गुठळ्या थुंकते.

दाबाबद्दल जरा सविस्तर, कारण यात लोक बेफिकीर असतात. ही गन कमी दाबावर चालते, आम्ही रेग्युलेटर 10 पीएसआयच्या वर नेत नाही. ऐकायला किरकोळ वाटतं. पण नोझल तुंबलं आणि तो दाब आत साठला तर 83 मिलिमीटरच्या तोंडावर हिशोब करून बघा: झाकण उचकटायला बघणारा जोर 38 किलोच्या आसपास येतो. 63 च्या तोंडावर तोच 22 किलोच्या आसपास. मसाल्याची बरणी हे सगळं सोसण्यासाठी बनवलेली नाही. म्हणून मी 63 ची घेतली. हात आत जात नाही, साफ करायला जरा त्रास होतो, तो चालेल. कॉम्प्रेसरची लाइन सरळ गनला लावणाऱ्यांनी तर हा उद्योग करूच नये. काचेची बरणीही नको. मुरंबा छान दिसतो तिच्यात, पण फुटली तर तुकडे तोंडावर.

स्टीलचा डबा सुचवणारेही भेटले. "टिकाऊ होईल, धुता येईल." हातातल्या कपाच्या गनला धातूचा डबा मी लावणार नाही. इलेक्ट्रोडवर हजारो व्होल्ट असतात. त्याच्या शेजारी अर्थिंग नसलेला धातू लटकत ठेवला तर त्याच्यावर भार साठतो आणि तो कुठे तरी ठिणगीने उतरतो. हवेत उडालेली पावडर पेट घेऊ शकते, हे विसरून कसं चालेल. मोठ्या मशीनचा हॉपर स्टीलचा असतो ते ठीक आहे, कारण त्याला अर्थिंगची वायर जोडलेली असते. ती जोडलेली आहे का, हे मी रोज सकाळी बघते. भाचा म्हणतो, मावशी गॅसचा नॉब बघतेस तशी बघतेस.

हॉपरचा विषय निघालाच आहे तर, त्याची टाकी आपल्याकडे सहज बनते. भांड्याच्या बाजारातलं जाड पत्र्याचं स्टीलचं पिंप घेऊन फॅब्रिकेटरकडून तळ कापून घेणारे माझ्या माहितीत आहेत. पण तळाशी जो सच्छिद्र प्लॅस्टिकचा पत्रा असतो, ज्यातून हवा बुडबुड्यांसारखी वर येते, त्याच्या जागी कापड ताणून बसवू नये. हवा एका कोपऱ्यातून जास्त येते आणि पावडर उकळायच्या ऐवजी त्या कोपऱ्यात कारंजं उडतं. तो पत्रा विकतच घ्यावा.

बरण्या नव्याच घ्या. पाचशे मिलीची बरणी ठोकमध्ये पंधरा-वीस रुपयांना पडते, तिथे लोणच्याची जुनी बरणी धुऊन कसली बचत करायची? तेलाचा अंश राहिला तर भट्टीतून निघालेल्या जॉबवर खड्डे पडतात, सिलिकॉनचा असेल तर त्याहून वाईट. नवी बरणीसुद्धा मी एकदा साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून मगच भरते. थिनरने पुसायची नाही. कोरडा ब्रश आणि हवा पुरते. उलट बाजूनेही पथ्य आहे: पावडर भरलेली बरणी घरी परत नेऊन तिच्यात डाळ भरायची नाही. काही पॉलिएस्टर पावडरींत टीजीआयसी नावाचा हार्डनर असतो, तो विषारी आहे. आमच्या बरण्यांवर म्हणून लाल मार्करने फुली असते, आणि खाली रंगाचा नंबर व पावडरची बॅच.

पावसाळ्यात या बरण्यांचा एक अनपेक्षित फायदा झाला. खोक्यातली पिशवी उघडली की ठाण्याची जुलैतली हवा पावडरला लगेच धरते, गोळे होतात आणि चाळत बसावं लागतं. आता लागेल तेवढीच बरणीत काढायची, बाकीची पिशवी बांधून टाकायची. प्रत्येक बरणीचं स्वतःचं झाकण आहेच, काम संपलं की गनवरून उतरवून लगेच बंद. बरण्या भट्टीपासून लांबच्या रॅकवर. एसीच्या खोलीत ठेवल्या असतील तर बाहेर आणल्याबरोबर उघडायच्या नाहीत, आत दव धरतं.

खरेदी करताना एकाच लॉटच्या दोन डझन उचला आणि बुशवर लावलेल्या झाकणाचं एक जादा झाकण सोबत घेऊन जा. दुकानदार "सेम टू सेम" म्हणून जे देतो ते दुसऱ्या साच्यातलं असू शकतं आणि अर्ध्या वेढ्यावर अडकतं. तिथेच लावून बघायचं. नळीचे तुकडे मी काळ्याला वेगळे, पांढऱ्याला वेगळे आणि लाल-पिवळ्यांना मिळून एक असे ठेवले होते, पण लालचा अंश पिवळ्यात उतरून नारिंगी छटा येते, म्हणून आता लाललाही वेगळा कापलाय.